खिडकीतला शेवटचा हात

खिडकी, हे पत्र स्वतः चष्मा लावून वाच. मागचं पत्र तू नातीकडून वाचून घेतलंस आणि तिने कंटाळून मधली दोन पानं गाळली. तुझ्या फोनवरच्या उत्तरावरून मला ते लगेच कळलं होतं.

या वेळी लिहायला कारण घडलं. खालच्या हॉटेलचा कारभार आता मालकांचा मुलगा बघतो. त्याने भिंतींना नवा रंग दिलाय आणि एका भिंतीवर जुन्या कामगारांची माहिती चौकटीत लावायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलंय. परवा वर आला, न विचारता माझ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बाई, खिडकीताईंवर चार ओळी लिहून द्या. प्रामाणिक, कष्टाळू, हसतमुख, असं काहीतरी."

मी म्हटलं, "हसतमुख? बावीस वर्षांत मी तिला दोनदा हसताना पाहिलंय. त्यातलं एकदा मी जिन्यावरून घसरले होते."

त्याला त्याच्या चार ओळी मिळतील. आधी सगळं लिहून काढते आणि तुला पाठवते. चुकलं असेल तिथे पेन्सिलीने खूण कर. अख्खं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यावर अर्धवट नोंद मला सहन होत नाही.

तुझं खरं नाव हॉटेलात कुणी घेत नसे. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्या मधल्या भिंतीला हातभर उंचीची खिडकी, तिच्या आतल्या बाजूला तू उभी, म्हणून तू खिडकी. आचारी भात घालायचा, रस्सा ओतायचा, भाजलेला मासा टाकायचा आणि ताट तुझ्यापुढे सरकवायचा. तू फडक्याने ताटाची कडा पुसायचीस. मग काकडीच्या तीन चकत्या, लिंबाची एक फोड, पुदिन्याची दोन पानं. ताट खिडकीबाहेर ढकलायचं, ओट्यावर टिचकी मारायची, की वेटर उचलून पळाला. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत हेच. दिवसाला दोनशे ताटं.

काम एवढंसं, पण रुबाब केवढा. आचाऱ्याला ताट परत करायची छाती त्या स्वयंपाकघरात फक्त तुझी होती. "मीठ बघा," म्हणायचीस, तेही न चाखता.

"तुला कसं कळलं?" तो खवळायचा.

"वाफेवरून."

मला ते आजही पटलेलं नाही. पण आचारी मीठ बघायचा आणि गप्प बसायचा, हे खरं.

खिडकी बुटकी असल्यामुळे तुला गिऱ्हाइकांचे चेहरे कधी दिसले नाहीत. दिसायची ती शर्टाची बटणं, पोटं, पर्सा, हात. माणसं तू ताटावरून ओळखायचीस. वेटरच्या चिठ्ठीवर कुणाचं काय कमी, काय जास्त ते लिहिलेलं असायचं, आणि तू त्यावरून बारशी उरकायचीस. 'लिंबू वेगळं' हा एक. 'काकडी जाड' ही दुसरी. 'अर्धा भात' म्हणून एक होता, तो रोज अर्धा मागवायचा आणि दहा मिनिटांनी उरलेला अर्धा मागवायचा. मी तुझ्याकडे 'कडा' होते. ताटाची कडा बरबटलेली असली की मी ताट परत पाठवते म्हणून. हे मला बावीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्याकडूनच कळलं, आणि कळायची वेळ वाईट होती.

त्याआधी वाडग्याचं सांगते, कारण ते टाळलं तर मी खोटारडी ठरेन.

तू कामाला लागलीस त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्या ताटाच्या कडेला कांद्याचा वास आला. मी तरातरा आत आले. तू म्हणालीस, हात धुवायचा नळ मागे संडासाबाहेर आहे, गर्दीत खिडकी सोडून तिकडे जाता येत नाही. मग मी तुला शहाणपणा शिकवला. म्हटलं, चिनी मातीचा वाडगा जवळ ठेव, त्यात पाणी आणि लिंबाच्या साली टाक, मधूनमधून बोटं बुचकळून पुसत जा. वाडगाही मीच दिला, निळ्या काठाचा. तेव्हापासून तुझ्या बोटांना लिंबाचा वास यायला लागला आणि सगळे म्हणायला लागले, स्वच्छ हात बघावेत तर खिडकीचे. हळूहळू काकडी सोलणारी बाई त्यात बोटं बुचकळायला लागली. वेटरही. मला फार बरं वाटायचं.

पुढे वीसेक वर्षांनी, एका उन्हाळ्याच्या शेवटी तुझं जेवण तुटलं. दुपारी तीनला दहा मिनिटं तू माझ्या जिन्याच्या पायरीवर चहाला बसायचीस, ते बसणंही ओझं झालं होतं. "अंगात कणकण आहे," म्हणालीस. "चहाचा वास नको वाटतोय," म्हणालीस. मी म्हटलं, सुट्टी घे. तू म्हणालीस, एक खाडा पडला तर मालक तोंड वाकडं करतात, दोन पडले तर खिडकीत दुसरी उभी राहते. घरी लेक आणि दोन वर्षांची नात होती. जावई दूरच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा यायचा. लेक पाळणाघरात नातीला सोडून कामाला जायची आणि सकाळचं नातीचं धुणं-पुसणं तू करून यायचीस. घर त्या खिडकीवर चाललं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी पुढे बोलले नाही. एरवी मी बोलते.

गुरुवारी तू पायरीवर बसलीस आणि जिन्याच्या झरोक्यातून ऊन तुझ्या तोंडावर पडलं. आत खिडकीवर पिवळा बल्ब लावलेला. त्याच्या उजेडात सगळेच पिवळे दिसायचे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"इकडे बघ," मी म्हटलं. "डोळे मोठे कर."

"पित्त वाढलंय हो बाई."

"पित्ताने डोळे हळदीसारखे होत नाहीत. लघवी कशी होते?"

तू इकडेतिकडे बघितलंस. "चहासारखी. चार दिवस झाले."

"आणि चार दिवस तू मला पित्त सांगतेस. कावीळ आहे ही. आत परत जायचं नाही."

"अजून साठ ताटं आहेत."

"साठ ताटं आचारी पुसेल. त्यालाही कळू दे कडा म्हणजे काय."

तू आत गेली नाहीस, हे मी नोंदवून ठेवते. सरळ घरी गेलीस, शुक्रवारी सरकारी दवाखान्यात रक्त दिलंस. शनिवारी सकाळी निकाल आला. अन्नापाण्यातून पसरणारी कावीळ, यकृताला सूज.

मधल्या शुक्रवारी संध्याकाळी मालक तुझ्याकडे आले होते. ते वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस काय बोलेल सांगता येत नाही. शनिवारी तू माझ्याकडे आलीस ते त्यांचं बोलणं जसंच्या तसं घेऊन.

"ते म्हणतात, पंधरा दिवस मी रजेवर होते असं सांगायचं. हजेरीत ते तसं करून घेतील. माझी जागा कुठे जात नाही म्हणाले. आणि खरं बोलले तर हॉटेलला कुलूप लागेल, मग जागा कसली न् काय कसली." तू पायरीवर बसलीस, पाय पोटाशी घेऊन. "बाई, तुम्ही काय केलं असतं?"

"मी शिकलेली आहे," मी म्हटलं. "मी खोटं जास्त चांगलं बोलले असते."

तू हसली नाहीस.

दुपारी आरोग्य खात्याची डॉक्टर आली. पाठीला दप्तर अडकवलेली, तिशीच्या आतली मुलगी. मी मनात म्हटलं, ही काय करणार. हॉटेल बंद होतं. मालक, आचारी, वेटर, तू आणि तुझ्यासोबत मी, असे आम्ही स्वयंपाकघरात उभे. तू मला बोलावलं होतंस. नसतं बोलावलंस तरी मी आले असते.

तिने कुणालाच दरडावलं नाही. आधी सगळीकडे फिरली, कोण कशाला हात लावतं ते विचारलं आणि मग खिडकीशी येऊन थांबली.

"इथे तुम्ही?"

तू मान हलवलीस.

"रस्सा शिजतो, मासा भाजतात, भात उकळतो," ती म्हणाली. "आधी कुणाचाही हात लागला तरी पुढे आच आहे. काकडी, लिंबू, पुदिना तसेच कच्चे जातात. तुमच्या हातानंतर आच नाही. हात कुठे धुता?"

तू वाडग्याकडे बोट दाखवलंस. अभिमानाने, ते मी विसरणार नाही. "साली दर तासाला बदलते."

"आणि पाणी?"

"पाणी सकाळचं."

डॉक्टरने वाडगा उचलून वास घेतला. "ही कुणाची कल्पना?"

आचारी छताकडे बघायला लागला, वेटर बुटांकडे. तू खालच्या मानेने म्हणालीस, "आमची पहिल्यापासूनची पद्धत आहे." मला वाचवत होतीस. तुला ताप, तुझी नोकरी टांगलेली, आणि तू मला वाचवत होतीस.

"माझी," मी म्हटलं. "कल्पना माझी आणि वाडगाही माझा."

"लिंबाने वास जातो हो," डॉक्टर म्हणाली. "विषाणू त्यातच राहतो आणि पुढच्याच्या बोटाला लागतो. संडासाहून आल्यावर, बाळाचं धुतल्यावर, साबण आणि वाहतं पाणीच हवं. नखांसकट, वीस सेकंद."

पदव्या घेतल्या त्या दिवशीही मला एवढ्या स्पष्ट शब्दांत कुणी काही शिकवलं नव्हतं.

बाळाचं म्हटल्यावर तू चमकलीस. "माझ्या नातीला महिन्यापूर्वी जुलाब झाले होते. पण तिचे डोळे पांढरे आहेत. ती तर हुंदडतेय."

"इतक्या लहान मुलांचे डोळे बहुतेक पिवळे होतच नाहीत. पाळणाघरातून आणली असेल. तुम्हालाही दिसायच्या आधी दोन आठवडे ती तुमच्या हातातून दुसऱ्याला जाऊ शकत होती." मग तिने मुद्द्याचं विचारलं. "गेले पंधरा दिवस तुम्ही कामावर होता का?"

मालक खाकरले. "त्या रजेवर होत्या."

डॉक्टरने वही उघडली आणि पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही. ती सांगत राहिली. ज्यांनी गेल्या चौदा दिवसांत इथे खाल्लं, त्यांना आज लस टोचली तर बहुतेकजण वाचतील. चौदा दिवस उलटले की लस उशिराची. म्हणजे आपण थांबू त्या प्रत्येक दिवशी एका दिवसाची गिऱ्हाइकं हातातून जाणार. तरण्याला ही कावीळ महिनाभर झोपवते. म्हाताऱ्याला, आधीच यकृत बिघडलेल्याला जिवावर बेतू शकते. "पण या रजेवर असतील," ती म्हणाली, "तर मला इथे काही शोधायचं नाही."

तू पदराने वाडग्याची कडा पुसलीस. कशाला पुसलीस देव जाणे. मग म्हणालीस, "'लिंबू तीन'चं पोट आता खिडकीच्या चौकटीला टेकतं."

डॉक्टरला काही कळेना. मला कळलं. चार महिन्यांपासून एक बाई रोज तीन फोडी मागत होती आणि तिचं पोट तू आठवड्याआठवड्याने वाढताना बघत होतीस.

"मी रोज होते," तू म्हणालीस. "परवा तीन वाजेपर्यंत. एक खाडा नाही."

मालक खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. तू त्यांच्याकडे बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर शब्द फिरवला असतास, असं तूच नंतर सांगितलंस.

डॉक्टरने लिहून घेतलं आणि विचारलं, "कोण कोण जेवलं?"

मालकांनी काखा वर केल्या. "रस्त्यावरचं हॉटेल आहे मॅडम. नाव विचारून कुणी वाढतं का?"

"दारावर नोटीस लावू, रेडिओवर सांगू," डॉक्टर म्हणाली. "पण लोक ऐकतात आणि म्हणतात, आपण तर नुसता भात खाल्ला."

"नावं मला माहीत नाहीत," तू म्हणालीस. "ताटं माहीत आहेत."

माझं आयुष्य ज्यात गेलं ते पहिल्यांदा कुणाच्या कामाला आलं ते त्या संध्याकाळी. ग्रंथालयाने रद्दीत काढलेली जुनी सूचीकार्डं माझ्याकडे दोन खोके भरून होती, मागच्या बाजूने कोरी. तुला मी माझ्या खाटेवर आडवी केली, कप-बशी वेगळी दिली. डॉक्टर म्हणाली, एका खोलीत बसून बोलल्याने ही होत नाही, हात धुवा म्हणजे झालं. शिवाय वसतिगृहात असताना मला ही होऊन गेलीय. एकदा झालेली पुन्हा होत नाही. वेटर जमिनीवर बसला, मी टेबलाशी.

तू ताट सांगायचीस. वेटर चेहरा सांगायचा. पत्ता मी सांगायचे, कारण या रस्त्यावर कोण कुठे राहतं, हे मला माहीत नसेल तर कुणालाच नसतं.

"लिंबू वेगळं."

"तो टक्कल, खिडकीजवळच्या टेबलावर, पाण्याचा पेला दोनदा बदलून मागतो," वेटर म्हणाला.

"घड्याळजी," मी म्हटलं. "चौकातलं दुकान, वरच राहतो. पुढे."

"पुदिना धुऊन."

"बँकेतली. केस कापलेली."

"धुऊन म्हणते म्हणजे बाकीच्यांना मी न धुता देते की काय," तू खाटेवरून पुटपुटलीस.

"देत होतीस," मी म्हटलं. "पुढे."

"कडा."

वेटर खोकला. मी पेन धरून बसले होते. "कडा कोण? चेहरा सांग."

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या हातातच आरसा दिला तर बरं."

पहिल्यांदा तू हसलीस ती तेव्हा. पोट दुखेपर्यंत. कावीळ झालेल्या माणसाला एवढं हसू नये.

रविवार दुपारपर्यंत अडुसष्ट कार्डं झाली. अनोळखी एकदाच आलेली माणसं सुटली, त्यांच्यासाठी नोटीस आणि रेडिओ. अडुसष्टांच्या मागे वेटर सायकलवर, डॉक्टर फोनवर, आणि दुखरा गुडघा घेऊन जवळपासची घरं मी. मालक सोमवारी सकाळी माझ्या दारात उभे राहिले. मला वाटलं, भांडायला आलेत. म्हणाले, "गाडी आहे माझ्याकडे. कार्डं द्या थोडी." नऊ कार्डं त्यांनी पोचवली. प्रत्येक दारात "माझ्या हॉटेलात झालं" असं म्हणाले, असं लोकांनी मला सांगितलं.

शिव्याही पडल्या. बँकेतली म्हणाली, मी धुऊन मागत होते तरी तुम्ही. अर्धा भात म्हणाला, अर्धाच खाल्लाय, अर्धी लस चालेल का. डॉक्टरने त्याला पूर्ण टोचली. 'लिंबू तीन' दवाखान्यात रडली, मग तिलाही लस दिली. आणि पाच आठवड्यांनी तिला मुलगा झाला. दोघांचे डोळे मी स्वतः जाऊन उन्हात बघितले.

सगळेच वाचले असं लिहिणार नाही. त्या पंधरवड्याच्या पहिल्या दिवसांत जेवलेल्या अकराजणांना कावीळ झाली, त्यात भांडी घासणारी बाई होती आणि घड्याळजी होता. घड्याळजी बारा दिवस हॉस्पिटलात होता. त्यातले तीन दिवस असे गेले की तू रोज सकाळी मला फोन करायचीस आणि काही न बोलता थांबायचीस. मी "आहे," म्हणायचे आणि तू फोन ठेवायचीस. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "पेज प्याला, आणि नर्सशी भांडला." तुझा जीव भांड्यात पडलेला मला फोनवरून ऐकू आला. मेलं कुणी नाही.

हॉटेल सहा दिवस बंद राहिलं आणि उघडलं. तू दीड महिना घरी होतीस. मग मालकांनी बोलावणं धाडलं. तू गेलीस आणि खिडकीत उभी राहायच्या आधी म्हणालीस, "इथे नळ हवा. हात लावून सोडायचा नको, पायाने दाबायचा. आणि ताप आला, जुलाब झाले, तर घरी बसायचं. पगार कापायचा नाही, माणूस बदलायचा नाही. कुणाचाच."

"आणि नाही जमलं तर?" मालकांनी विचारलं.

"तर मग मला खोटं बोलायला सांगायची पाळी तुमच्यावर पुन्हा येईल."

पायाचा नळ आठ दिवसांत बसला. साबण दोरीला बांधलेला, कारण आचारी साबण पळवतो. वाडगा मी घरी आणला. आता त्यात किल्ल्या ठेवते.

घड्याळजी बरा होऊन आला तो टेबलाकडे गेलाच नाही. सरळ खिडकीशी येऊन खाली वाकला. इतक्या वर्षांत खिडकीतून तुला दिसलेला तो पहिला गिऱ्हाइकाचा चेहरा.

"हात दाखव," तो म्हणाला.

तू दाखवलेस. ओले होते, साबणाने सुरकुतलेले. त्याने घड्याळ तपासावं तसे पालथे-उलथे बघितले.

"बरं," तो म्हणाला. "लिंबू वेगळं."

चौकटीतल्या चार ओळींत यातलं काय बसवायचं ते मी बघते. पायाच्या नळाजवळ आता तुझ्यानंतरची तिसरी मुलगी उभी असते. ती आजारी असली की खुशाल घरी बसते आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. हे तुझ्यामुळे, हे तिला माहीत नाही. चौकट लागल्यावर कळेल. आणि तू तिकडे लेकीच्या गावी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात शिकाऊ पोरींची नखं तपासतेस म्हणे. नातीने सांगितलं. "आजी सगळ्यांना छळते," असे तिचे शब्द.

एक कार्ड मात्र उरलं. सदुसष्ट माणसांशी बोलणं झालं, अडुसष्टावं कार्ड 'पार्सल. लिंबू दोन, पुदिना नको.' दर बुधवारी येणारं. टपाल कार्यालयामागच्या चार मजली इमारतीच्या अगदी वरच्या खिडकीतून दोरीने टोपली खाली येते, त्यात चिठ्ठी असते, आणि रस्त्याने जाणारा कुणीतरी ती हॉटेलात आणून देतो. आठवत असेल तुला. त्या सोमवारी वेटर तिथे जाऊन ओरडला, घंटी वाजली नाही, बाकीचे मजले रिकामे, चौथ्यावर कुणी दार उघडेना. मधल्या बुधवारी हॉटेल बंद. पुढचा बुधवार म्हणजे शेवटच्या पार्सलपासून बरोब्बर चौदावा दिवस. तू घरून फोनवर मजकूर सांगितलास आणि मी लिहिला. काय झालं, कुणामुळे झालं, लस घ्यायला आजचाच दिवस आहे, डॉक्टर वर येईल. त्या दिवशी पार्सल वेटर स्वतः घेऊन गेला, टोपलीत आमची चिठ्ठी ठेवली आणि मान वर करून खाली उभा राहिला. टोपली वर गेली. पाव तासाने खाली आली.

"कावीळ लहानपणी होऊन गेली आहे. डोळे पांढरे आहेत, आरशात बघितले. खरं सांगितल्याबद्दल आभार. पुढच्या वेळी पुदिना चालेल."

अक्षर थरथरतं, पण वळणदार. वेटरला वर फक्त एक हात दिसला, दोरी ओढणारा. बाईचा की पुरुषाचा, तेही त्याला सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाली, मग बहुधा काळजी नाही, आणि दुसऱ्या गावच्या कामाला लागली.

तू म्हणालीस, "मी बरी झाले की आपण दोघी वर जाऊन येऊ बाई. त्या हाताला बघून येऊ. आणि घरून निघताना लिंबं घेऊ, आपल्या पैशाने."

मी म्हटलं, चार जिने आहेत, माझा गुडघा बघ. तू म्हणालीस, सावकाश चढू, दर मजल्यावर बसू. आधी तुझ्या अंगात बळ नव्हतं. मग हॉटेलात दोन बायका सुट्टीवर गेल्या. मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग जावयाची बदली झाली आणि तू सामान बांधलंस. स्टँडवर तू खिडकीतून हात काढून म्हणालीस, "ते राहिलंच हो," आणि बस सुटली.

सात वर्षं झाली. टोपली अजून बुधवारी खाली येते, वेटर सांगतो. कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नावाची ओळ कोरी.